उत्तरेच्या खिडकीजवळची खुर्ची

हे घडलं १९६४ साली. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि मोत्यांच्या कारखान्यात ओवणारी म्हणून मला पाच वर्षं झाली होती. कारखाना म्हणजे गल्लीतलं एक दुमजली घर. मोती धुणं आणि त्यांना भोकं पाडणं खाली चालायचं, निवडणं आणि ओवणं वर. वरच्या खोलीला उत्तरेकडे एक मोठी खिडकी होती आणि त्या खिडकीला लागून माझ्या आत्याची खुर्ची.

आत्या मोती निवडायची. माझी आई लवकर गेली, त्यानंतर तिनंच मला वाढवलं. तिला नवरा नव्हता, मूल नव्हतं. एक मी आणि दुसरी ती खुर्ची. एकतीस वर्षं ती त्या खुर्चीवर बसत होती.

लोकांना वाटतं, शिंपला उघडला की मोती मिळाला. तसं नसतं. जिवंत शिंपल्यात बारीक मणी ठेवून तो समुद्रात टांगायचा आणि दोन-तीन वर्षं वाट बघायची. शिंपल्याच्या मनात आलं तर तो मण्यावर थरावर थर चढवतो, नाही तर मणी थुंकून टाकतो, नाही तर सरळ मरतो. जे निघतात त्यांतला कुणी वाकडा, कुणाला खळगा, कुणी खडूसारखा निस्तेज. ज्याच्यात आपलं तोंड दिसावं असा गोल, पाणीदार मोती शेकड्यात चार-पाच निघाले तर नशीब. आणि तो मिळाला तरी एकटाच असतो. त्याच्या मापाचा, त्याच्या रंगाचा, त्याच्याच तेजाचा शेजारी शोधायचा म्हणजे खरी परीक्षा. "उपवर मुलासारखं आहे," आत्या म्हणायची. "दिसायला चांगला असला तरी जमलं पाहिजे ना."

हे जमवण्यासाठी आमच्या खोलीत नियम फार कडक होते. काम सकाळी दहा ते दुपारी दोन, तेवढंच. दिवा लावायचा नाही. अंगावर पांढरं नाही तर करडं, कारण मोती शेजारचा रंग ओढून घेतो. एकदा एक मोठी गिऱ्हाईक बाई लाल शाल पांघरून आली, तर मालकांनी तिला ती जिन्यातच काढून ठेवायला लावली होती.

त्या वर्षी आत्या एक सर पुरा करत होती. सत्तेचाळीस मोती, पांढऱ्यावर गुलाबी झाक असलेले. एका जहाजवाल्याच्या बायकोनं तो तीन वर्षांपूर्वी करायला सांगितला होता. छत्तीस मोती जमले होते, अकरा अडले होते. आणि मग एका महिन्यात ते अकराही मिळाले. आत्या इतकी खूश झाली की मला म्हणाली, पोरी, या वयात माझा हात चाललाय बघ. मी सर ओवला, प्रत्येक मोत्यामागे गाठ मारली आणि मालकांनी तो स्वतः नेऊन दिला.

आठव्या दिवशी सर परत आला. जहाजवाल्याच्या बायकोनं तो बागेत घातला होता आणि तिच्या जावेनं विचारलं होतं, यातले काही मोती हिरवट का दिसतात?

मालक वाईट माणूस नव्हते. ते वर आले, डबी टेबलावर ठेवली आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी आत्याला सांगितलं, बाई, एकदा डोळे दाखवून घ्या. खाली धुण्याच्या कामावर तुमच्यासारखं जाणतं माणूस हवंच आहे. आत्यानं डबी उघडली, सर उजेडात धरला आणि म्हणाली, "मला तर सगळे सारखेच दिसतात." ते ऐकून मालकांनी मान खाली घातली. महिनाअखेरपर्यंत खुर्ची रिकामी करायची असं ठरलं.

मीही तो सर उजेडात धरून पाहिला आणि घाबरले. कारण मलाही ते सगळे सारखेच दिसत होते, आणि माझे डोळे चोवीस वर्षांचे होते.

दुसऱ्या दिवशी सर उसवायचं काम माझ्याकडेच आलं. मी मोती ट्रेमध्ये मांडले आणि काय वाटलं कोण जाणे, तो ट्रे घेऊन गच्चीवर गेले. मोकळ्या आभाळाखाली छत्तीस मोती एकीकडे झाले आणि अकरा एकीकडे. सावत्र भावंडंच जणू. खाली आणले, पुन्हा सगळे सख्खे. मी तीनदा वर-खाली केलं. शेवटी भोकं पाडणाऱ्याला हाक मारली. आम्ही त्याला गिरमिट्या म्हणायचो. तोही दोनदा चढला-उतरला आणि म्हणाला, "माझे पाय गेले, पण तुझ्या आत्याचे डोळे शाबूत आहेत. खिडकीतच काहीतरी आहे."

खिडकीसमोर लाँड्रीची भिंत होती. वर्षानुवर्षं चुन्याची पांढरी भिंत. दीड महिन्यापूर्वी लाँड्रीवाल्यानं तिला गुलाबी रंग दिला होता. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं, त्याची टवाळीही केली होती. आत्या तर म्हणाली होती, याच्या भिंतीला लाज वाटलेली दिसते. अंगावरच्या धाग्याधाग्याचा रंग तपासणारे आम्ही, आणि अख्खी भिंत आमच्या टेबलावर रंग ओतत होती ते कुणाच्या डोक्यात आलं नाही.

गिरमिट्यानं खिडकीच्या बाहेरून पांढरी चादर बांधली. भिंत झाकली गेली. टेबलावरचे मोती आपोआप दोन गटांत पडले. मी मालकांना बोलावून आणलं. त्यांनी चादर बाजूला केली, परत लावली, पुन्हा बाजूला केली. मग ते आत्याकडे वळले आणि मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, "बाई, माझं चुकलं." त्यांनी स्वतः खाली जाऊन तिच्यासाठी चहा आणला. त्यानंतर ते लाँड्रीवाल्याशी बोलायला गेले. तो म्हणे, तुमच्या मोत्यांना आवडत नाही म्हणून मी भिंत पुसू? शेवटी पुन्हा पांढरा रंग द्यायचा खर्च मालकांनी करायचा ठरला तेव्हा तो तयार झाला.

मी हवेत होते. घरी जाताना वाटभर बडबडत होते. आत्या हो-हो म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी कारखान्यात पोहोचली होती. खुर्चीवर बसली नव्हती, मागे उभी होती. मला म्हणाली, "बस."

मला वाटलं, ती थट्टा करते आहे.

"अगं आत्या, आता तर सगळ्यांना कळलं, चूक भिंतीची होती."

"भिंतीचीच होती. पण वीस वर्षांपूर्वी मी त्याच दिवशी ट्रे झाकून ठेवला असता. उजेड बदलला हे मला मोत्यांच्या आधी कळायचं. आता दीड महिना कळलं नाही." तिनं खुर्ची माझ्याकडे सरकवली. "आणि तीन वर्षं न मिळालेले अकरा मोती एका महिन्यात मिळाले, तेव्हा तरी मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला."

मी रडायला लागले. तिची खुर्ची वाचवायला मी तीनदा जिना चढले होते, आणि त्याच चढण्या-उतरण्यात तिला कळलं होतं की आता त्या खुर्चीवर मी बसायला हवं. ती म्हणाली, रडून डोळे लाल करू नकोस, दहा वाजत आले. मालकांना तिनं एवढंच सांगितलं की कंटाळा आला. उजेड बदललेला आपल्याला कळला नाही, हे तिनं त्यांना सांगितलं नाही आणि मीही कधी नाही.

तो सर पुरा व्हायला पुढे अडीच वर्षं लागली. अकरा मोती मी जमवले, एकेक, प्रत्येक वेळी गच्चीवर नेऊन. जहाजवाल्याची बायको थांबली, हे तिचं मोठेपण. ती परदेशी गेली आणि सर तिच्याबरोबर गेला.

मालक १९७९ मध्ये वारले. त्यांच्या मुलाला मोत्यांत रस नव्हता, त्यानं खाली छत्र्यांचं दुकान घातलं. लाँड्रीवाल्यानं पुढे सगळी इमारतच विकली. गिरमिट्याशी मी लग्न केलं. तो जाऊन आता सहा वर्षं झाली. त्याचं गिरमिट मुलीकडे आहे, तिला त्याचा उपयोग काय ते माहीत नाही.

खुर्ची सोडल्यानंतर आत्या चौदा वर्षं जगली, आमच्याच घरात. मोत्यांचा विषय तिनं टाळला नाही, पण कारखान्यात पुन्हा पाऊल टाकलं नाही. रोज संध्याकाळी मला विचारायची, आज किती मोती बाजूला टाकलेस? किती निवडलेस असं कधीच विचारलं नाही. मी आकडा सांगितला की म्हणायची, बरं झालं, आणि ताटं वाढायला उठायची.