कॅनॉलपलीकडचा धूर

बर्मिंगहॅमच्या ज्या गल्लीत नंदाताई तीस वर्षं राहत होत्या, तिच्या मागेच गॅसवर चालणारं वीजकेंद्र येणार होतं. नंदाताई निवृत्त नर्स, तोंडाने फटकळ. चार महिने दारोदार फिरून त्यांनी केंद्राविरुद्ध अकराशे सह्या जमवल्या. भीमराव, त्यांचे यजमान, फाउंड्रीत फुप्फुसं झिजवून बसले होते. नाकात अष्टौप्रहर ऑक्सिजनची नळी. हा धूर त्यांना झेपलाच नसता.

कौन्सिलच्या मीटिंगमध्ये कंपनीचे साहेब गोड हसत उठले. लोकांच्या भावना लक्षात घेऊन केंद्र आता कॅनॉलपलीकडे, गरिबांच्या फ्लॅट्सना खेटून होईल, म्हणाले. गल्लीवाल्यांनी टाळ्या पिटल्या.

"जिंकलो, ताई! आता थँक यू म्हणा," शेजारचे डॉक्टर शशिधर म्हणाले.

नंदाताई उठल्या खऱ्या, पण थँक यू म्हणाल्या नाहीत. त्यांचं माहेर गावकुसाबाहेरचं. गावातलं मेलेलं ढोर आज्याने ओढायचं, आणि वर नाक गावाने मुरडायचं! आणि आज त्या स्वतःच गाव होऊन बसल्या होत्या. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"वीज आम्हालाही हवी," त्या म्हणाल्या. "माझ्या मिस्टरांचं मशीन तिच्यावरच चालतं. पण मग धूर पलीकडच्यांनीच का गिळायचा? तो गाळायची यंत्रं बसवा, नाहीतर वीज साठवायच्या बॅटऱ्या लावा. खर्च कंपनीने करावा, थोडा आम्हा सगळ्यांच्या बिलात येऊ दे. तोवर केंद्र तिकडेही नको."

"ताई, हे हात दाखवून अवलक्षण!" शशिधर कुजबुजले. "परत आपल्याच मागे आणतील ते."

"आणतील," नंदाताई म्हणाल्या.

एवढ्यात मागच्या रांगेतली, फ्लॅट्समधली एक बाई पुढे आली आणि तिने कोऱ्या कागदावर 'धूर इकडेही नको, तिकडेही नको' असा नवा अर्ज लिहून सही केली. तिच्यामागून आणखी नऊजणांनी सह्या केल्या आणि कागद नंदाताईंच्या हाती दिला. कमिटीने निर्णय पुढे ढकलला. आधी धुराचं काय करणार ते सांगा, असं कंपनीला बजावलं.

घरी पोचल्यावर नंदाताईंनी मान खाली घालून सगळं सांगितलं. "अहो, तुमच्यासाठी लढायला गेले आणि तुमचाच जीव पणाला लावून आले."

भीमराव धापा टाकत म्हणाले, "तो नवा अर्ज आणलायस ना? पेन दे." सही करून त्यांनी कागद परत केला. "आणि उद्या व्हीलचेअर काढ. मीही येतो तिकडे सह्या गोळा करायला. चालायला दम लागतो, बेल दाबायला नाही."