वैनीनं मारलेली हाक

लोक बाहत्तरचा दुष्काळ म्हणतात, पण शिरूर अनंतपाळकडच्या त्या गावाला खरा चटका बसला तो त्र्याहत्तरच्या चैत्रात. कधी न आटलेली काळ्या दगडाची बारव त्या महिन्यात आटली. तिचा गाळ उपसायचं दुष्काळी काम निघालं, आणि वीस एकरांचे धनी असलेल्या व्यंकटरावांच्या घरालाही मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरीसाठी पाट्या उचलाव्या लागल्या. त्यांची एकुलती एक लेक पंचफुला कामाला जाऊ लागली. बायको सरजाबाई गेली नाही. लग्न होऊन आली त्या वर्षापासून, म्हणजे सत्तावीस वर्षं, तिनं त्या बारवेची एकही पायरी उतरली नव्हती. पाणी बाधतं, एवढंच ती सांगायची.

कामावर हजेरी घ्यायला भुजंग होता. बौद्धवाड्यातला, मॅट्रिक झालेला, मोजकं बोलणारा. कामावर खायला मिळालेल्या सुकडीतला आपला वाटा पंचफुला पदरात बांधून ठेवते आणि तो भुजंगच्या आईला, गुणाबाईला, नेऊन देते, हे सरजाबाईच्या ध्यानात आलं होतं. तिनं लेकीला हटकलं नाही की नवऱ्याला सांगितलं नाही. असली गोष्ट त्या घरात उघडी पडली की काय होतं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

गाळ पुरुषभर उपसल्यावर पंचफुलाच्या पाटीत माणसाचा हात आला. उकरलं तेव्हा अख्खी बाई निघाली, हाडांची. कमरेला साखळदंड आणि साखळदंडाला जात्याची खालची तळी. व्यंकटराव धावत आले. रझाकाराच्या वेळचं असेल कुणीतरी, असं सगळ्यांना सांगून त्यांनी हाडं लागलीच ओढ्यात पुरून टाकली.

त्या दिवसापासून पंचफुलाचे केस वाळेनात. गावात प्यायला पाणी नव्हतं, टँकर आठवड्यातून एकदा यायचा, आणि पोरीच्या वेणीतून मात्र काळं पाणी ठिबकायचं. ती जिथं बसेल तिथली जमीन ओली व्हायची. घरभर शेवाळाचा वास सुटला. तिसऱ्या दिवशी सरजाबाई तिला भाकरी द्यायला गेली, तर पोरगी मान वाकडी करून तिच्याकडं बघत राहिली आणि दुसऱ्याच बाईच्या आवाजात म्हणाली,

"वैनी, लई दिस लावलेस गं."

तो आवाज सरजाबाईनं सत्तावीस वर्षं झोपेत ऐकला होता. व्यंकटरावांची बहीण धुरपता. ती घरातून पळून गेली, असंच गावाला माहीत होतं.

व्यंकटरावांनी नायगावकडून गुरुलिंग नावाचा देवऋषी आणला. भर दुपारी अंगणात पंचफुलाला खांबाला बांधलं. मिरच्यांची धुरी दिली, लिंबाच्या ओल्या फोकांनी पाठ सोलून काढली. पोरगी हूं की चूं करेना. तिच्या अंगावर पडलेला फोक काळाठिक्कर होऊन गळून पडायचा. गर्दीतून भुजंग पुढं आला आणि हिला लातूरला दवाखान्यात नेऊ या, असं हात जोडून म्हणाला. चौघांनी त्याला काठ्यांनी झोडपून वेशीबाहेर टाकला. तेव्हा कुठं पंचफुलानं तोंड उघडलं.

"दादा," तो आवाज व्यंकटरावांना म्हणाला, "तळी बांधताना तुझं बोट चेंगरलं व्हतं. दुखतंय का अजून?"

व्यंकटरावांच्या डाव्या हाताचं बोट आखूड होतं. सगळं गाव ते सत्तावीस वर्षं बघत आलं होतं. गुरुलिंगानं आपली झोळी उचलली आणि दक्षिणासुद्धा न मागता तो निघून गेला. लोकही एकेक करून पांगले.

पंचफुलाला धान्याच्या कोठीत कोंडून व्यंकटराव सोप्यात येऊन बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी बायकोला जवळ बोलावलं. भुताचं निमित्त आहे, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. खरं बिंग त्या हजेरीवाल्याचं हाय, हात जोडत पुढं आला तवाच कळलं. उद्या गावभर होईल.

"उद्या दुपारी काम बंद हाय," ते म्हणाले. "तिला बारवंकडं घेऊन ये. तुझं ती ऐकती."

बारवंकडं घेऊन ये, अगदी हेच शब्द. सरजाबाई पंधरा वर्षांची नवी नवरी होती तेव्हा हेच शब्द त्यांनी धुरपतासाठी वापरले होते. धुरपताचं मन महारवाड्यातल्या श्रीमंत नावाच्या पोरावर बसलं होतं. ती गोष्ट तिनं एकट्या सरजाला सांगितली होती, कारण त्या घरात तिच्याशी हसून बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. आणि सरजानं ती नवऱ्याला सांगितली. कशासाठी सांगितली, ते तिला आजवर कळलं नव्हतं. कदाचित नवऱ्याला आपलं काही ऐकावंसं वाटावं म्हणून. दुसऱ्या दिवशी दाराशी घागर घेऊन तिनंच हाक मारली होती, वन्सं, चला, पाण्याला जाऊ. धुरपता हसत मागोमाग आली होती. वरच्या पायरीवर सरजाला परत पाठवलं गेलं. श्रीमंत त्याच आठवड्यात गावातून नाहीसा झाला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

सरजाबाईनं नवऱ्याला बरं म्हटलं. ते शेताकडं गेल्यावर तिनं कोठीचं दार उघडलं आणि आत जाऊन कडी लावली. आत घोटाभर पाणी साचलं होतं. पंचफुला पोत्यांना टेकून बसली होती, पाठीवरचे वळ फुटलेले.

"वन्सं," सरजाबाई म्हणाली, "म्या सांगितलं. म्याच हाक मारली. पोरीनं तुमचं काय केलं न्हाई. तिला सोडा, मला धरा."

आवाज म्हणाला, "तू म्हातारी झालीस गं."

"उभी तर हाय."

पंचफुलाचे हात पुढं आले आणि सरजाबाईच्या गळ्यात पडले. बर्फासारखं गार काहीतरी तिच्या तोंडात शिरलं. घशात गाळ उतरल्यासारखं झालं, छाती पाण्यानं भरली. बुडणारी बाई काय बघते ते तिनं बघितलं, वर बोटभर उजेड आणि त्यात वाकून बघणारं नवऱ्याचं तरुण तोंड. भानावर आली तेव्हा पोरगी तिच्या मांडीवर होती आणि "माय, पाठ लई दुखतीय," म्हणून रडत होती. तिचे केस कोरडे होते.

सरजाबाईनं रिकाम्या कोठीला बाहेरून कडी घातली आणि त्याच पावली पोरीला गुणाबाईकडं पोचवलं. जखमी भुजंग तिथंच पडून होता. त्या दिवशी आलेला टँकर परत निघाला होता. त्याच्या ड्रायव्हरच्या पाया पडून तिनं दोघांना त्यात बसवलं आणि नांदेडला जा, मागं बघू नका, असं सांगितलं. लेकीनं गळ्यात पडायला हात पसरले तर ती चार पावलं मागं सरली.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी व्यंकटराव बारवेच्या तळाशी थांबले होते. सरजाबाई एकटीच पायऱ्या उतरली. एकेक पायरी ती उतरत गेली आणि मागं ओली पावलं उमटत गेली. त्यांनी पोरगी कुठं आहे, असं विचारलं.

"आले की, दादा," ती म्हणाली.

व्यंकटराव घोट्याएवढ्या चिखलात पालथे सापडले. तान्हं पोरसुद्धा बुडणार नाही एवढा तो चिखल, पण त्यांचं पोट पाण्यानं टम्म फुगलं होतं. पंचनाम्यात चक्कर येऊन पडल्याचं लिहिलं गेलं. गावानं वेगळं काही सांगितलं नाही.

पुढं पाऊस झाला, बारव भरली. सरजाबाई त्या घरात एकटी राहिली. आत दोघी होत्या, हे तिचं तिला माहीत. कधी दिवसचे दिवस ती स्वतःची असायची, दळायची, सारवायची. कधी भाकरी थापताना हात थांबायचे आणि तोंडातून श्रीमंतची चौकशी व्हायची, त्याला कुठं पुरला म्हणून. ते सरजाबाईला खरंच ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं की छातीत पाणी चढायचं.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या उघडल्या आणि नांदेडला पंचफुलाशी संसार थाटून सरकारी कारकुनीला लागलेल्या भुजंगची तिकडं बदली झाली. दिवाळीनंतर एका दुपारी पंचफुला आपल्या सहा वर्षांच्या लेकीला घेऊन गावात आली. सरजाबाईनं दोघींना बोळातून येताना बघितलं आणि जागच्या जागी तिचे केस ओले झाले. आतली उठून बसली होती. नातीकडं बघत होती.

सरजाबाईनं दार लावून आडणा घातला. माय, मी आलेय, असं पंचफुला बाहेरून म्हणत राहिली. पोरीचं नाव सांगत राहिली, ती शाळेत जाते, तिचे डोळे तुझ्यासारखे हायत. सरजाबाईच्या ओठांवर आतलीची हाक येत होती. गोड हाक, लांबवलेली, लेकरानं धावत आत यावं अशी. तिनं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला, दोन्ही हातांनी दाबून धरला आणि दाराला पाठ लावून बसली. पाणी नाकातून वाहू लागलं तरी हात काढला नाही.

पंचफुला पाचच्या गाडीपर्यंत ओट्यावर बसली. मग आणलेलं लुगडं उंबऱ्यावर ठेवून लेकीचा हात धरून गेली. ती पुन्हा आली नाही. सरजाबाईनं लुगडं दोन दिवसांनी आत घेतलं आणि उतरंडीच्या मागं, जिथली भुई अजून कोरडी होती, तिथं ठेवून दिलं.