नावाचे डबे

बैस इथं ओट्यावर, भाऊ. शेंगा घे, आत्ताच भाजल्यात. तोंड चालू असू दे, पण कान इकडे ठेव. तुला गोष्ट सांगतो, कचऱ्याची. नाक नको मुरडू. राजाराणीच्या गोष्टी बठ्ठे सांगतात, त्या राणीच्या घरचा केर कुठं जायचा हे कोणी सांगत नाही. ही ऐकलीस ना, तर साल फेकतानाही दोनदा विचार करशील.

तर गोष्ट जळगावची, मोठ्या दुष्काळाच्या जरा आधीची. रेल्वे लायनीच्या पलीकडे नवे प्लॉट पडले होते, तिथली एक गल्ली. गल्लीच्या तोंडाशी म्युनसिपालटीचं सिमेंटचं कोंडाळं. बायका लांबूनच केर फेकायच्या, नेम धरून, आणि नेम कोणाचाच धड नव्हता. कोंडाळ्यात कमी अन् भोवताली जास्त. डुकरं खूश, माश्या खूश, म्युनसिपालटी तर सगळ्यात खूश.

दुःखी एकच माणूस, भिकमचंदशेठ. दाणाबाजारात भुसाराची पेढी, घरात जैनांचं सोवळं, कांदा नाही, लसूण नाही, वांगं तर दारातून आतही यायचं नाही. हा गडी अहमदाबादला साडूकडे लग्नाला गेला, तिथली सोसायटी पाहून आला, अन् त्याला स्वच्छतेचा ताप चढला. लोकांना लग्नातून जुलाब लागतात, ह्याला हे लागलं. आल्या आल्या त्यानं मंडळ काढलं. अध्यक्ष तोच. कोंडाळं फोडायला लावलं, अन् मारुतीच्या पारावर फळा टांगून त्यावर खडूनं नियम लिहिले. भाजीची सालं-देठं गल्लीत शेळ्या पाळणाऱ्या मेहरुनच्या टोपलीत. राख वेगळी. कागद, पत्रा, बाटली भंगारवाल्याला. उरला केर ज्याच्या त्याच्या डब्यात, अन् डब्यावर ज्याचं त्याचं नाव.

डबे तेलाचे, रिकामे. नावं रंगवली मेहरुनच्या नवऱ्यानं, अन्वरनं. अन्वर पेंटर रावेरच्या केळीच्या ट्रकांवर लिहायचा. हाताला सवय, त्यानं प्रत्येक नावाखाली एक कमळ काढलं अन् लिहिलं 'फिर मिलेंगे'. भिकमचंद भडकला, तर अन्वर म्हणे, "शेठजी, कचराच तो. उद्या पुन्हा भेटणारच ना?"

दर रविवारी सकाळी तपासणी. पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढायची लोखंडी नळी असते ना, ती घेऊन भिकमचंद निघायचा. डब्यात खुपसायचा, बाहेर काढायचा, डोळ्याजवळ नेऊन बघायचा, जसा काय गव्हाचा भाव ठरवतोय. नियम मोडला की दंड एकच. त्या घरच्या माणसानं बठ्ठ्यांसमोर अख्खी गल्ली झाडायची.

आता ह्या भिकमचंदची बायको, सुगनबाई. डोईवरचा पदर हनुवटीपर्यंत. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी उपवर झाली, पण घराबाहेरच्या एकाही पुरुषानं तिचा आवाज ऐकला नव्हता. गल्लीत काही जण तर तिला मुकी समजायचे. मुकी कसली! मागच्या भिंतीपाशी शेजारच्या शेवंताबाईसंगं बसली की पोपटाला लाज वाटावी.

आणि ह्या सुगनबाईला एक खोड होती. तिला भरीत आवडायचं. लहानपणी शेजारच्या पाटलांकडे चाखलेलं. सासरी आली अन् जीभ उपाशी राहिली. मग आदल्या हिवाळ्याच्या शेवटी ते नव्या घरात राहायला आले, अन् पहिल्याच आठवड्यात शेवंताबाईनं भिंतीवरून वाटी पुढं केली. "ले भाभी, चाखी तं पाय." चाखून तर बघ, म्हणे. ही शेवंताबाई शिंदखेड्याकडची, नवरा तोताराम कापसाच्या जिनात मिस्तरी. वाटीत भरीत. सुगनबाईनं पदराआड बोटं चाटली अन् दोघी मैत्रिणी झाल्या. मैत्री व्हायला भाऊ, दुसरं काय लागतं?

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, चौमासा संपला. बाजारात हिरवी, लेकराच्या डोक्याएवढी भरताची वांगी आली. एका शनिवारी भाजीवाली दारात, नवरा पेढीवर, सासू हीराबाई पडवीत माळ घेऊन डुलक्या काढतेय. सुगनबाईचा धीर सुटला. मागच्या अंगणात कपाशीच्या काड्या पेटवल्या अन् घातली वांगी त्यात. लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, सगळं कुटून. भरीत कढईत झाकलं, खाल्लं, पुन्हा झाकलं.

रविवारी उजाडलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सालं! काळी, चिकट, भाजलेली सालं, अन् वर लसणाची फोलपटं. अन् आज तपासणी. अन् आजच जामनेरची मंडळी येणार मुलीला, कुसुमलताला, पाहायला. जामनेरवाले म्हणजे सोवळ्यातही सोवळे. ज्या घरात लसणाचं नाव निघालं त्या घरची मुलगी नको म्हणणारे.

आता हे टाकायचं कुठं? पूर्वी कोंडाळं होतं, त्यात मारवाड्याचं साल अन् मिस्तरीचं साल एका जातीचं व्हायचं. ते तर नवऱ्यानंच फोडलं. राखेत पुरावं तर नवरा राखेतही नळी घालतो. मेहरुनची शेळी दाराशी आली, तिला सुगनबाईनं साल दाखवलं. शेळीनं हुंगलं, शिंकली, अन् निघून गेली. लायनीपलीकडे फेकावं तर शेठाघरची बाई एकटी बाहेर पडली हीच बातमी.

मग तिला सुचलं. तोतारामचा डबा! मिस्तरीच्या घरात भरताची सालं निघाली तर कोण विचारतंय? तिथं न निघाली तरच नवल. मागच्या भिंतीवरून हात घातला अन् सगळं तोतारामच्या डब्यात ओतलं. चौमासा तर संपला, त्यात सोडलेलं वांगं ह्यांनी पुन्हा सुरू केलं असेल, असा तिचा हिशेब. अन् भाऊ, तिथंच ती फसली.

नळी आली. आपल्या डब्यात भिकमचंदला काही सापडलं नाही. स्वतःच्याच डब्याकडे पाहून मान डोलावली त्यानं. मग तोतारामच्या डब्यात खुपसली, अन् नळीबरोबर लांबच लांब काळं साल वर आलं.

"तोतारामभाऊ," भिकमचंद म्हणाला, "हे साल आहे, म्हणजे शेळीच्या टोपलीत पाहिजे. पण हे जळालेलं आहे, म्हणजे राखेत पाहिजे. नियम मोडलाय नक्की. कोणता मोडलाय, ते बघावं लागेल."

"माझी शेळी हे खात नाही शेठजी," मेहरुन म्हणाली. "सकाळीच नको म्हणाली ती."

पण तोतारामचं तिकडे ध्यान नव्हतं. त्याचा चेहरा त्या सालापेक्षा काळा पडला. "शेवंते! वांगं? माझ्या घरात वांगं?"

"हाई काय शे?" शेवंताबाई धावत आली. "मना घरमा वांगं नई शे! खंडेरावनी आन, मी नई खादं!"

दाराआड उभ्या सुगनबाईला आत्ता हिशेबातली चूक कळली. तोतारामचं कुळदैवत खंडोबा. त्यांच्यात आखाडात वांगं-कांदा-लसूण सुटतो तो थेट मार्गशीर्षातल्या सटीपर्यंत, चंपाषष्ठीपर्यंत. त्या दिवशी देवाला भरीत-रोडगा दाखवायचा, मगच तोंडाला लावायचं. बाकीची गल्ली केव्हाच वांगी हाणत होती, पण ह्या घरात अजून देवाचा हुकूम होता. अन् सट तोंडावर आलेली.

"डब्यावर नाव कोणाचं आहे?" तोताराम ओरडला. "माझ्या आजाच्या वेळेपासून हे मोडलं नव्हतं. सटीला देवापुढं उभी राहू नको तू. शिंदखेड्याला जाय, माहेरी बस!"

शेवंताबाईनं पुन्हा एकदा सालाकडे पाहिलं. बारीक कुटलेल्या लसणाच्या फोलपटांकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मग सुगनबाईच्या दाराकडे. कळलं तिला. भाऊ, त्या बाईनं तोंड उघडलं असतं ना, तर तिचं सगळं सुटलं असतं. पण तिनं जामनेरच्या पाहुण्यांसाठी दारात काढलेली रांगोळी पाहिली. कोपऱ्यातला खराटा उचलला अन् झाडायला लागली.

खर्र, खर्र, खर्र.

दाराआड सुगनबाई ते ऐकत होती. एकीकडे पोरीचं स्थळ, एकीकडे तो खराटा. ती स्वतःला म्हणत होती, झाडेल अन् घरी जाईल, संपेल. पण मैत्रीण घरी जाणार नव्हती ना, शिंदखेड्याला जाणार होती. सटीच्या दिवशी. हिच्या जिभेपायी.

सुगनबाई बाहेर आली. पदर तसाच, हनुवटीपर्यंत. सरळ गेली अन् खराट्याचं दुसरं टोक धरलं.

"घरमा जाय भाभी," शेवंताबाई पुटपुटली. "पाव्हना येतीन."

"सोड."

"जाय ना वं!"

दोघी खराटा ओढताहेत अन् गल्ली बघतेय. शेवटी सुगनबाई मोठ्यानं बोलली. पहिल्यांदा. "साल माझं आहे! लसूणही माझाच. शेवंताक्काच्या घरात काही नाही."

अन्वर पेंटर म्हणाला, "अरे, ह्या बोलतात!"

भिकमचंदच्या हातात नळी, नळीला साल लोंबतंय. तोंड उघडं. शेवटी म्हणाला, "आपल्या घरात? मां घरात असताना?"

पडवीत हीराबाईनं माळ कपाळाला लावली, पिशवीत ठेवली, अन् सावकाश म्हणाली, "मीठ कमी होतं."

"काय?"

"भरतात, भिकम. मीठ कमी होतं. रात्री दात नसलेल्या माणसाला दुसरं काय चावता येतं?"

गल्ली जी हसली! तोतारामसुद्धा हसला, मग आपण काय बोललो ते आठवलं, तसा बायकोपुढं मान खाली घालून उभा राहिला. शेवंताबाईनं त्याला तिथंच ऐकवलं ते मी सांगत नाही, तुझं वय नाही.

सुगनबाईनं गल्ली झाडली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, अन् झाडत असतानाच टांगा आला. जामनेरची मंडळी. धुळीत उभी. "ह्या कोण?" पाहुण्यानं विचारलं.

भिकमचंदला खोटं बोलता आलं असतं. मोलकरीण म्हणाला असता, पदर होताच तोंडावर. पण नियमाचा माणूस. म्हणाला, "ही माझी बायको. वांगं खाल्लं, अन् साल दुसऱ्याच्या डब्यात टाकलं. दंड भरतेय."

स्थळ गेलं. चहासुद्धा प्याले नाहीत. सुगनबाई दोन दिवस जेवली नाही. कुसुमलता मात्र म्हणाली, "बरं झालं आई. तिथं जन्मभर गवार खाऊन मेले असते."

सट आली. देवाला दाखवून झाल्यावर शेवंताबाईनं मागच्या भिंतीवरून नाही, पुढच्या दारातून ताट आणलं. रोडगा अन् भरीत, वर चिमूटभर भंडारा. भिकमचंद ओट्यावरच होता. ताटाकडे पाहिलं, हात जोडले, अन् उठून पारावर गेला. खडू घेतला. मग सगळ्या नियमांच्या खाली सावकाश लिहिलं: 'भाजलेले साल राखेत टाकावे. ज्याचे त्याने.'

अन् त्या दिवसापासून त्याच्या घरच्या राखेत नळी गेली नाही.

झाली गोष्ट. शेंगाही झाल्या वाटतं, बठ्ठ्या तूच खाल्ल्यास. आता ऊठ, भाऊ, एक काम कर माझं. एवढी टरफलं तेवढी टाकून ये. शेजारचा डबा जवळ आहे, दिसतोय मला. पण तिकडे नको जाऊ. आमच्याच डब्यात टाक.