हेक्टरचा क्रोकस

त्या रविवारी दुपारी स्कॉटलंडमधल्या आमच्या किनलारी गावच्या सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती. हीटर बंद होते आणि दारं सताड उघडी, कारण आत्म्यांशी बोलणाऱ्या मिस्टर ऑब्रे पेलम यांच्या म्हणण्यानुसार मेलेल्या माणसांना उबारा मानवत नाही. मार्च नुकता लागला होता, टेकड्यांवर बर्फ तसाच होता. सगळं गाव कोट, टोप्या, मफलर चढवून, नाकं पुसत चमत्काराची वाट बघत बसलं होतं.

टेबलावर हिरवं कापड, त्यावर मातीची कुंडी. कुंडीत जांभळ्या क्रोकसच्या, म्हणजे केशराच्या जातीतल्या बुटक्या फुलाच्या, मिटलेल्या कळ्या. वरून आकड्याला टांगलेला पितळी कंदील, विजेचा. शेजारी बशीत एक चॉकलेटचं बिस्किट. ते हेक्टर रॅटरेला फार आवडायचं, म्हणून त्याच्या बायकोनं, एल्स्पेथनं, ठेवलं होतं. हेक्टर गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी गेला. डोंगरी फुलं आणि बोटभर उंचीची कंदफुलं वाढवण्यात आमच्या गावच्या अख्ख्या बागकाम क्लबात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कुंडी त्याच्याच काचघरातली होती.

"हेक्टर!" पेलम डोळे मिटून म्हणाला. माणूस दक्षिणेकडून, इंग्लंडातून आलेला, आवाज तुपात घोळलेला. "तुझ्या वाटेवर दिवा लावलाय रे! आला असशील तर या फुलातून डोळे उघड!"

मग स्तोत्रं सुरू झाली. तिसऱ्या स्तोत्राला पाकळ्या हलल्या, चौथ्याला फूल पुरतं उघडून आतले केशरी तंतू दिसायला लागले. आमच्या क्लबाचा अध्यक्ष मुंगो लिडेल चर्चमध्येसुद्धा टोपी काढायला कुरकुरतो, त्यानं टोपी काढली.

"आलाय," पेलम म्हणाला. "आता विचारू."

बाहेरच्या पायरीवरून दुसरी मिटलेली कुंडी आली. दुसरी बशी आली, दुसरं बिस्किट आलं. तोच कंदील, तोच पिवळा उजेड.

"हेक्टर, शनिवारच्या प्रदर्शनानंतरच्या गुरुवारी एल्स्पेथनं हृदयाचं ऑपरेशन करून घ्यावं का?"

पुन्हा तेवढीच स्तोत्रं झाली. फूल काही हललं नाही.

"हेक्टर नको म्हणतोय," पेलम खोल आवाजात म्हणाला.

"वाटलंच मला," एल्स्पेथ डोळे पुसत म्हणाली. "त्याला इस्पितळाचा तिटकाराच होता."

कार्यक्रम संपल्यावर बश्या विसळायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. मी विनिफ्रेड, गावातल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. पहिल्या बशीतलं चॉकलेट वितळून बशीला चिकटलं होतं. दुसऱ्या बशीतलं बिस्किट मी चहाबरोबर खाल्लं. चांगलं कडक होतं. हेक्टर 'हो' म्हणताना चॉकलेट वितळवतो आणि 'नको' म्हणताना वितळवत नाही, हे मला जरा चमत्कारिक वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी एल्स्पेथकडे गेले. ती दार उघडायला आली तेव्हाच तिला धाप लागली होती. हृदयाची झडप आकसलीय, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. स्वयंपाकघरात पेलम लापशीवर मलई ओतून घेत होता. त्याचा मुक्काम पाहुण्यांच्या खोलीत होता. हेक्टरशी संपर्क राहावा म्हणून काचघरातल्या निवडक कुंड्या अधूनमधून त्याच्या गाडीत जात होत्या. आणि ऑपरेशन झालं की एल्स्पेथ डंडीला मुलीकडे राहायला जाणार होती, काचघर हेक्टरच्या इच्छेप्रमाणे क्लबाकडे येणार होतं. थोडक्यात, हेक्टरचं उत्तर मलईच्या दृष्टीनं फार सोयीचं होतं.

"एल्स्पेथ, अगं डॉक्टरांचं ऐक."

"डॉक्टर हेक्टरला वाचवू शकले का?"

"नाही. पण हेक्टर त्यांच्याकडे गेलाच मुळी उशिरा."

"विनी, तुला कुणी नाही, तुला काय कळणार गं? नवरा बोलतोय माझा. इतक्या महिन्यांनी बोलतोय."

ते मला लागलं. पण ती रडत होती, म्हणून मी तिला रुमाल दिला.

"शंकेखोर माणसाच्या आसपास आत्मे थकतात," पेलम चमचा चाटत म्हणाला.

"आणि खाऊन खाऊन पाहुणे थकत नाहीत, नाही का?" मी म्हटलं आणि निघाले.

शनिवारी क्लबाचं वसंत प्रदर्शन होतं. एल्स्पेथच्या हट्टानं पेलम तिथं शेवटचा प्रश्न विचारणार होता, म्हणून त्या दिवशीही हीटर बंद. गारठ्यात क्रोकस मिटून बसतो आणि मिटलेल्या फुलाला परीक्षक ढुंकूनही बघत नाहीत. म्हणून सकाळी सभागृहामागच्या स्वयंपाकघरात नेहमीची गर्दी झाली होती. प्रत्येकाच्या हातात कुंडी आणि प्रत्येक कुंडीला बिलगलेली गरम पाण्याची रबरी बाटली. ही आमच्याकडची जुनी रीत. बाटली विसरली तर माणूस अर्ध्या वाटेतून घरी परत जातो.

मुंगो आपल्या कुंडीभोवती बाटली नीट लपेटत माझ्याकडे वळला.

"काय चमत्कार होता गं विनी! फूल आपोआप उघडलं! कुणी बोटसुद्धा लावलं नाही!"

मी त्याच्या हातांकडे बघितलं. मग त्याच्या तोंडाकडे बघितलं. तोंडावर निव्वळ भक्तिभाव होता.

"मुंगो, तुझी बाटली जरा दे."

"अगं, माझं फूल मिटेल ना!"

"मिटू दे."

बाहेर सभागृहात पेलमनं कंदील टांगला होता. एल्स्पेथ पहिल्या रांगेत बसली होती, ओठ निळसर झालेले. मी टेबलापाशी गेले, हेक्टरची एक मिटलेली कुंडी उचलून खिडकीशी ठेवली, तिला बाटली लपेटली आणि वर टॉवेल गुंडाळला.

"हे काय चाललंय?" पेलमचा आवाज थोडा चिरकला.

"मलाही एक प्रश्न विचारायचाय. हेक्टर, स्कॉटलंडची राजधानी लंडन आहे का?"

लोक हसले. स्तोत्रं मला येत नाहीत, म्हणून मी मोठ्यानं मूलद्रव्यांची नावं म्हणत राहिले. पाचव्यांदा जस्तापर्यंत पोचले तेव्हा टॉवेलच्या वर फूल टक्क उघडलं होतं.

"हेक्टर हो म्हणतोय," मी म्हटलं.

"हेक्टर?" मागून कुणीतरी ओरडलं. "लंडन? तो तर मेल्यावरही असं म्हणायचा नाही!"

सभागृह खदखदून हसलं. फक्त मुंगो हसला नाही. त्याची नजर बाटलीवर खिळली होती.

"अरे देवा," तो हळूच म्हणाला. "आपण सगळेच तर..."

पेलम कंदील काढून घ्यायला धावला, पण मुंगो आडदांड आहे, आणि आता त्याला स्वतःचाच राग आला होता. कंदिलाचं झाकण निघालं. आत शेजारी शेजारी दोन दिवे. एक जुना, तारेचा, हात लावताच चटका देणारा. दुसरा नव्या पद्धतीचा, तेवढाच पिवळा उजेड देणारा पण थंड. वायरीला दोन बटणं. 'हो' हवं तेव्हा गरम दिवा, 'नको' हवं तेव्हा थंड. ऊब लागली की क्रोकसच्या पाकळ्यांची आतली बाजू भराभर वाढते आणि फूल उघडतं. फुलाला ना हेक्टर ठाऊक, ना इस्पितळ.

पेलम मागच्या दारानं सटकला. त्याच्यामागे कुणी गेलं नाही. सगळे एल्स्पेथकडे बघत होते.

"झालं समाधान?" ती मला म्हणाली. "माझा नवरा दुसऱ्यांदा मारलास तू."

मी खिडकीशीच उभी होते.

ती उठली, खिडकीशी आली, टॉवेल बाजूला करून बाटलीवर हात ठेवला. ठेवून उभीच राहिली.

"प्रदर्शनाच्या दिवशी तो गाडीत कुंडी मांडीवर घेऊन बसायचा," ती म्हणाली. "कोटाखाली बाटली. आणि ती मी भरून द्यायचे, विनी. दरवर्षी. फार गरम नको गं एल्स्पेथ, मुळं भाजतील, असं म्हणायचा." मग ती हसली, आणि हसता हसता रडली. "मला माहीत होतं. मला सगळं माहीत होतं!"

"आम्हालाही होतं," मुंगो टोपी चुरगाळत म्हणाला.

माहीत नसलेला माणूस फसतो यात नवल नाही. आम्ही माहीत असून फसलो. स्वयंपाकघरात रोज वापरतो ती अक्कल आम्ही सभागृहाच्या दारात चपलांसारखी काढून ठेवली. मेलेल्या माणसाची आठवण येणं यात लाजण्यासारखं काही नाही. पण कुणी त्या आठवणीला दिवा टांगून तुमच्या औषधपाण्याचा निकाल सांगायला लागला, तर आधी हात पुढे करून दिवा गरम आहे का ते बघा. हात लावू देत नसेल, तर तेच उत्तर समजा.

गुरुवारी एल्स्पेथला मी सोडायला गेले. तिच्या मांडीवर कुंडी होती आणि कोटाखाली बाटली. इस्पितळाच्या दारात नर्स म्हणाली, "अय्या, काय सुंदर उमललंय! पण कुंडी आत नेता येणार नाही हं."

एल्स्पेथनं कुंडी माझ्या हातात दिली.

"आपोआप नाही उमललं," ती नर्सला म्हणाली. "मी गरम केलं." आणि माझ्याकडे वळून, "उन्हाळ्यात पाणी घालू नकोस, कंद कुजतील. हेक्टरनं सांगितलंय."

"कधी?" मी दचकले.

"जिवंत असताना, बावळट," ती म्हणाली, आणि नर्सचा हात धरून आत गेली.