गुंता कापायचा नाही

मांजर कुठलं आणायचं यावरून आमच्या घरात नुसता गोंधळ चालला होता. पर्शियन की मेन कून? नवऱ्याला पर्शियन हवी होती, मला मेन कून, आणि लेकीला दोन्ही. तिच्या शंका तर संपतच नव्हत्या. मेन कूनला पाणी आवडतं, म्हणजे तो आपल्याबरोबर आंघोळ करणार का? पर्शियनचं नाक एवढं बसकं, मग तिला वास येतो का? मला काय माहीत बाई! मी माणसांचे केस कापते.

खरं सांगायचं तर मांजर बाबांसाठी हवं होतं. माझ्या वडिलांनी जन्मभर दुकानात उभं राहून लोकांचे केस कापले. मग हात थरथरायला लागले, एका गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली आणि त्याच संध्याकाळी त्यांनी दुकानाची किल्ली माझ्यापुढे ठेवली. तेव्हापासून ते खिडकीशी बसून असतात, हात मांडीखाली दाबून. बोलणं हो-नाहीपुरतं. हा माणूस असाच बसल्या जागी संपून जाईल, याची मला फार भीती वाटायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरात काहीतरी जिवंत आणा. म्हणजे आम्ही कोण?

माझं म्हणणं सरळ होतं. मेन कूनला आठवड्यातून दोनदा विंचरलं की भागतं. पर्शियनला रोज विंचरावं लागतं. दिवसभर लोकांची डोकी विंचरून घरी यायचं आणि परत मांजर घेऊन बसायचं? छे, आपल्याच्यानं नाही होणार.

मांजरं पाळणाऱ्या बाईंच्या घरी आम्ही चौघं गेलो. बाबांना जवळजवळ ओढूनच नेलं. मेन कून दारातच सामोरा आला. केवढा हो तो! कानांच्या टोकांवर केसांचे झुपके, शेपूट म्हणजे चांगला जाडजूड झाडू. आणि तोंड उघडलं तर म्यावबिव काही नाही, पाखरासारखी चिवचिव. लेक लगेच त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायला लागली. त्यानं बाबांच्या बुटांचा वास घेतला आणि निघून गेला. बाबा ढिम्म.

पर्शियन कोचावर पसरली होती. चपटं तोंड, पाणावलेले डोळे, आणि आम्ही उशिरा आल्याचा राग चेहऱ्यावर.

"अगदी माझ्या आईसारखी बघते," नवरा खूश होऊन म्हणाला.

मी बाबांशेजारी बसले, तिला मांडीवर घेतलं आणि सवयीनं केसांत बोटं घातली. कानामागे हा एवढा गुंता! बाई ओशाळल्या. "दोन दिवस वेळच झाला नाही हो," म्हणत त्यांनी कंगवा आणि कात्री आणून दिली. मी कात्री उचलली. कापायचं आणि मोकळं व्हायचं.

"कात्री ठेव."

बाबा बोलले होते. आम्ही सगळे बघतच राहिलो.

"आपल्या दुकानात गुंता कापत नाहीत. विसरलीस?"

विसरलेच होते. पोरी रडत यायच्या, आया म्हणायच्या टाका कापून, आणि बाबा स्टूल ओढून टोकाकडून एकेक केस सोडवत बसायचे. मागे गिऱ्हाइकं ताटकळली तरी बेहत्तर. मला मात्र आता कुठली एवढी सवड?

"मग करा की तुम्हीच!" मी भडकून म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

बाबांनी मांडीखालून हात काढले. कंगवा घेतला. तो असा थरथरत होता की मला बघवेना. मांजरीनं एक डोळा उघडला. लेकीनं माझा दंड घट्ट धरला. थरथर काही थांबली नाही. पण कंगवा त्या थरथरीतच बारीक बारीक हलत गुंत्यात शिरत गेला. मांजरीनं मान वाकडी करून कान पुढे दिला आणि घुरघुरायला लागली.

"आजोबा, तिला आवडलं!"

"हळू बोल," बाबा म्हणाले. "गिऱ्हाईक झोपलंय."

माझा मेन कून गेला उडत.

"हिला रोज विंचरावं लागेल हं," बाई काळजीनं म्हणाल्या.

"रोज?" बाबांनी मान वर केली.

"रोज," मी म्हणाले. "आणि मला वेळ नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"तुला विचारलंय कोणी?" बाबा म्हणाले, आणि त्यांनी मांजरीचा दुसरा कान वळवून घेतला.

कितीतरी महिन्यांनी ते माझ्यावर असे खेकसले होते. मी तोंड फिरवून मेन कूनच्या झुपक्यांकडे बघत बसले, डोळे पुसत.