दाराबाहेरची खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय, आणि तीही बाहेरची. डॉक्टरांच्या खोलीत माझ्या दोन सख्ख्या बहिणी आहेत. मी दाराबाहेर, भिंतीला पाठ टेकवून. माझ्यावर येऊन बसणारं माणूस सहसा काळजीत असतं, आणि काळजीतलं माणूस कधी आरामात टेकून बसत नाही. ते टोकावर बसतं, दाराकडे तोंड करून. म्हणून माझी पुढची कड झिजून गुळगुळीत झालीय आणि पाठीचं पॉलिश अजून कालच्यासारखं आहे.

आम्ही चौघी एका सुताराच्या हातच्या. तो तोंडात खिळे धरून गाणी म्हणायचा, त्यामुळे त्याचं एकही गाणं आम्हाला धड कळलं नाही. जेवणाच्या टेबलाभोवती राहायचं म्हणून आमचा जन्म झाला आणि काही वर्षं आम्ही तशा राहिलोही, डॉक्टरीणबाईंच्या घरी. मग त्यांनी मनाच्या आजारांचा दवाखाना थाटला आणि आमच्यातल्या तिघींना उचलून इथे आणलं. खोली एवढीशी, की तिसरी आत ठेवली तर दार पुरतं उघडेना. "ही तात्पुरती बाहेर राहू दे," असं त्या म्हणाल्या. तात्पुरतं ठेवलेलं सामान जन्मभर तिथेच राहतं, हे संसारी माणसांना मी काय सांगावं!

पहिल्यांदा मी फार रुसले होते. आतल्या दोघींना सगळं ऐकायला मिळतं आणि माझ्या वाट्याला फक्त चपलांचे आवाज. पण मग एक दिवस असं झालं की एका मुलीबरोबर आलेला तिचा थोरला भाऊ न विचारता मला फरफटत आत घेऊन गेला आणि तिच्या शेजारी ठाण मांडून बसला. "हं, बोल आता, सगळं सांग डॉक्टरांना." मुलगी अख्खा तास छताकडे बघत राहिली. एक शब्द नाही. पुन्हा ती आलीच नाही.

त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी नियम केला. ही खुर्ची आत आणायची ती पेशंटनं, आपल्या हातानं. नाही आणली, तर कुणी विचारायचं नाही. नातेवाइकांना हा नियम पचायला जड जायचा. पण सगळ्यांत जड गेला तो बेकरीवाल्याच्या आईला.

बेकरीवाला म्हणजे तिशी ओलांडलेला, हसरा, भुवयांवर कायम मैदा असलेला माणूस. कधी त्याच्या अंगात वारं भरायचं. मग झोप नाही, भट्टीला विश्रांती नाही, रस्त्यातल्या अनोळखी माणसांना फुकट केक वाटत सुटायचा. ते ओसरलं की पांघरुणाबाहेर यायचा नाही. मागच्या खेपेला बेकरी बंदच पडायची वेळ आली होती, तेव्हा आईनं त्याला हाताला धरून इथे आणलं. तेव्हापासून दर आठवड्याला तो आत आणि त्या माझ्यावर.

"अहो, आई आहे मी त्याची," त्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना म्हणाल्या. "नऊ महिने पोटात वाढवला, तेव्हा कुणाची परवानगी लागली नव्हती."

"तेव्हा तो बोलत नव्हता, काकू," डॉक्टर म्हणाल्या.

"आता तरी कुठे बोलतो माझ्याशी?"

"म्हणूनच कुठेतरी बोलू दे. एक लक्षात ठेवा, तुमचं ऐकून घ्यायला मला कुणाची परवानगी लागत नाही. घरी काही दिसलं, खटकलं, तर येऊन सांगा. त्याच्या जिवाला धोका दिसला तर मीही तुम्हाला सांगेन, हे त्याच्याशी आधीच ठरलंय. बाकी काय सांगायचं ते त्यानं ठरवायचं."

आईंनी मान डोलावली, पण मला त्यांचा भार कळत होता. मान डोलावली तरी अंग काही सैल पडलं नव्हतं.

काही दिवस बरे गेले. मग एका दुपारी त्या एकट्याच लवकर आल्या. तो बेकरीतून परस्पर येणार होता. बाहेर दुसरं कुणी नव्हतं. डॉक्टर आपल्या हातानं एक स्टूल ओढून समोर बसल्या.

"डॉक्टर, त्याचं पुन्हा बिघडतंय," आई म्हणाल्या. "हात थरथरतात. चालताना झोकांडी जाते. आणि जेवत नाही हो घरचं! केळी खातो, उकडलेली अंडी खातो, संत्री खातो. ज्याला साल नाही, टरफल नाही, त्याला शिवत नाही. तेही स्वतः सोलणार. कॉफी तेवढी सवयीनं घेतो, तीही तोंड वाकडं करून. त्याला संशय येतो माझा."

"संशय? कसला?"

"मी अन्नात काही घालते म्हणून."

डॉक्टर म्हणाल्या, "आणि घालता का?"

खुर्ची झाले म्हणून काय झालं, त्या क्षणी मलाच घाम फुटायचा बाकी होता. आईंचा सगळा भार एकदम माझ्या एका पायावर आला.

"गोळ्या घालते," त्या अगदी हळू म्हणाल्या. "कॉफीत, कुटून. काय करू मग? खणात पाकीट जसंच्या तसं. त्यानं गोळ्या सोडल्या होत्या. पुन्हा ते सगळं व्हायची वाट बघत बसू? शेजारच्या वहिनी म्हणाल्या, न सांगता द्या, चार दिवसांत फरक पडेल. म्हटलं, पाप लागायचं तर मला लागू दे."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांच्या घरात वाढले मी, मला तो चेहरा कळतो.

"काकू, आजपासून बंद. एकही गोळी नाही. आज तो आला की आधी त्याचं रक्त तपासायला पाठवते."

"पण का? तो घेत नाही तर..."

"का, ते मी नाही सांगू शकत. तो सांगू शकतो. पण त्याआधी त्याला कळायला हवं, की त्याच्या कपात काय होतं. ते तुम्ही सांगाल की मी सांगू?"

"कळलं तर तो जन्मात माझ्या हातचं पाणी पिणार नाही."

"आत्ता जेवतो?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

तेवढ्यात तो आलाच. भुवयांवर मैदा, हात खिशात. आई उठल्या. डॉक्टर दोन पावलं मागे सरकल्या, पण गेल्या नाहीत.

"ऐक," आई म्हणाल्या. "कॉफीत गोळी मी घालत होते. तू घेत नव्हतास ना, म्हणून. वास्तविक..."

मला वाटलं, आता हा ओरडणार. किंवा आल्या पावली परत जाणार, आणि त्या मुलीसारखा पुन्हा दिसणार नाही.

"कडू लागायची," तो म्हणाला. "म्हणजे खरंच कडू होती?"

"हो रे."

"अगं आई, मला वाटलं मलाच भास होतायत! मला वाटलं, जीभ गेली. आज माझी जीभ गेली म्हणजे उद्या माझी बेकरी गेली. मी पीठ चाखायचं बंद केलं होतं, माहितीये?" आणि तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "जीभ शाबूत आहे माझी! डॉक्टर, ऐकलंत ना? शाबूत आहे!"

मग हसणं थांबलं. "पण तू असं करायला नको होतंस," तो म्हणाला आणि आत गेला. दार लागलं.

आई पुन्हा माझ्यावर बसल्या. या खेपेला टोकावर नाही, पार मागे, अंगातलं बळ गेल्यासारख्या. इथे आल्यापासून माझ्या पाठीला असं कुणी टेकलं नव्हतं.

बराच वेळ गेला. मग दार उघडलं.

"आई, ऊठ जरा."

"का रे? कुणी बसणार आहे?"

"ऊठ तर."

त्या बिचाऱ्या बाजूला झाल्या, दुसऱ्या कुणाला जागा द्यावी तशा. त्यानं मला उचललं. हात थरथरत होते, माझा एक पाय चौकटीवर आपटला, पण त्यानं खाली ठेवलं नाही. आत नेऊन माझ्या बहिणींच्या मध्ये बसवलं आणि मागे वळून म्हणाला, "ये ना. उभी काय राहिलीस?"

मग आईंना कळलं, की गोळ्या त्यानं सोडल्या होत्या त्या हात थरथरतात म्हणून. केकवर नाव काढताना अक्षर वाकडं जायचं आणि ते कुणाला सांगायची त्याला लाज वाटायची. डॉक्टरांना मात्र सांगितलं. त्यांनी गोळी बदलून दिली, नवी तो बेकरीत ठेवून नियमानं घेत होता. आणि घरी कॉफीतून जुनी चालूच. दोन्ही मिळून हाताची आणि पायांची पार दैना झाली होती.

"मला सांगितलं असतंस तर?" आई म्हणाल्या.

"तू मला सांगितलं असतंस तर?" तो म्हणाला.

डॉक्टर मध्ये पडल्या नाहीत. दोघांच्या वाटाघाटी सुरू झाल्या.

"गोळी कुठली, किती, ते तुला सांगेन," तो म्हणाला. "माझी झोप उडालेली दिसली, तर मला न विचारता डॉक्टरांना फोन कर. पण मी इथे काय बोलतो, ते विचारायचं नाही."

"बरं."

"घरी जाताना रस्त्यातसुद्धा नाही."

"आणि अगदी ओठांवर आलं तर?"

"गिळायचं."

"एवढंच सांग, माझ्याबद्दल बोलतोस का?"

"आई!"

डॉक्टर खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारख्या बघू लागल्या.

त्याचं रक्त तपासलं, जुनी गोळी अंगातून उतरेपर्यंत काही दिवस देखरेखीत गेले, आणि हात पुष्कळ स्थिरावले. आता मी बहुतेक दिवस बाहेरच असते. महिन्यातून एखाद्या दिवशी तो मला आत नेतो, इतर वेळी नाही. आई कधी कुरकुरत नाहीत असं नाही, पण दाराला कान लावत नाहीत. परवा आई काउंटरवर नावं लिहून घेणाऱ्या ताईंना सांगत होत्या, "माझ्या हातची कॉफी अजून नाही हो घेत. स्वतः करतो. पण दोन कप करतो!" असं सांगताना त्या माझ्यावर इतक्या ऐसपैस बसल्या होत्या, की मला माझं टेबलाजवळचं जुनं आयुष्य आठवलं.

आत जायची मला आता हौस उरली नाही. आतलं ऐकायला मिळत नाही याचं दुःखही नाही. कुणीतरी बाहेर बसलंय, हे आतल्या माणसाला माहीत असतं, आणि तेवढ्यावर तो पुष्कळ बोलतो.

तुमच्यावर कधी अशा बंद दारासमोर बसायची वेळ आली, तर घरी जे दिसलं ते डॉक्टरांना जरूर सांगा, आणि आपल्या माणसाच्या कपात त्याला ठाऊक नसलेलं काही घालू नका. मग निवांत पाठ टेकून बसा, तेवढं वजन आम्ही सहज पेलतो. दार उघडून तुमचं माणूस बाहेर आलं, की काय बोललास, असं मात्र विचारू नका. भूक लागलीय का, एवढंच विचारा.