पडद्यावरचा खून

ते साल चौऱ्याहत्तर. मोठ्या तुरुंगात बॉक्सिंगच्या सिनेमाचं शूटिंग झालं ते त्याच वर्षी. शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करणाऱ्या ताईचा धाकटा भाऊ तिथेच शिक्षा भोगत होता. तरुणपणी बॉक्सिंग शिकलेला. भांडणात एकच ठोसा मारला, समोरचा पायरीवर डोकं आपटून गेला. आता चांगल्या वागणुकीसाठी त्याचं नाव सुटका समितीपुढे जायचं होतं. ताईने त्याच्यासाठी पोटमाळा झाडूनपुसून ठेवला होता.

भेटीला गेली तेव्हा जाळीपलीकडून तो हसत म्हणाला, "ताई, मला सिनेमात घेतलंय. हिरोला मारायचंय."

"मारायचंय? अरे मेल्या, एकदा मारलंस ते पुरे नाही का झालं?"

"खोटं खोटं गं. ठोसा नाकापर्यंत न्यायचा आणि थांबवायचा. जेलरसाहेब म्हणाले, नीट काम कर, समितीला तुझ्याबद्दल चांगलं सांगतो."

"आणि तो हिरो?"

"तो खरंच मारतो. त्याला थांबवता येत नाही." त्याचा डावा कान सुजून लाल झाला होता. "नट आहे बिचारा."

सिनेमा लागला, तशी ताई पहिल्याच आठवड्यात गेली. पडद्यावर भाऊ कैद्यांचा कर्दनकाळ होता. हिरोच्या म्हाताऱ्या वस्तादाला त्याने रिंगणात ठार मारलं, तेव्हा मागच्या रांगेतली बाई त्याला शिव्या घालू लागली.

ताई वळून म्हणाली, "अहो, माझा भाऊ आहे तो."

बाई मुकाट्याने उठून पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली.

समितीचा दिवस आला. नातेवाइकांनाही आत बोलवत. अध्यक्षांनी चष्मा पुसला.

"सिनेमा पाहिला आम्ही. सहकुटुंब. आमची नात घाबरून झोपेना. असा माणूस बाहेर सोडायचा?"

ताईला वाटलं, थट्टा चाललीय. "साहेब, ते नाटक होतं."

"डोळ्यांतला तो राग? तो नाटकातला नसतो, बाई."

"म्हणजे काम चोख केलं, हाच गुन्हा? जेलरसाहेब, तुम्हीच सांगितलंत ना, नीट काम कर म्हणून? आता का दातखीळ बसली?"

जेलर बुटांकडे बघत म्हणाला, "निर्णय समितीचा असतो."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. "हिरोने माझ्या भावाचा कान खरोखर फोडला, त्याला हार घालता! आणि ज्याने कुणाला बोट लावलं नाही, तो खुनी? तो मेलेला वस्ताद कुठाय, माहितीये? मघाशी बाहेर बघितलाय मी त्याला. कपात चहा ओततोय तुमच्यासाठी!"

तेवढ्यात दार ढकलून स्वयंपाकघरातला म्हातारा कैदी ट्रे घेऊन आत आला. तोच तो.

"बाबा, माझ्या भावाने लागेल असं मारलं का हो तुम्हाला?"

"छे हो! उलट मी पडलो की डोकं आपटू नये म्हणून मानेखाली हात घालायचा. डायरेक्टर बोंबलायचा, हात काढ, हात काढ! हा काही काढेना."

समितीने मेलेल्या माणसाच्या हातचा चहा घेतला, आणि भावाला नकार दिला.

पुढे हिरोला बक्षीस मिळालं. कैद्यांमधल्या माणुसकीवर त्याने असं भाषण ठोकलं, की लोकांनी डोळे पुसले. जेलरला बढती मिळाली. अध्यक्ष कुठल्या कुठल्या समित्यांवर मानाने बसत राहिले. चहावाला म्हातारा तुरुंगातच वारला. तेव्हा मात्र कुणाची नात घाबरली नाही.

भाऊ पूर्ण शिक्षा भोगून, केस पांढरे करून बाहेर आला. आता ताई काम करते त्याच शिंप्याच्या दुकानात इस्त्री करतो. हाक मारायची तर उजव्या बाजूने मारावी लागते.

टीव्हीवर कधी तो सिनेमा लागला, की भाऊ उठून बाहेर जातो. ताई बघते. वस्ताद कोसळतो, वाद्यं कडाडतात, आणि पडद्याच्या अगदी कोपऱ्यात, म्हाताऱ्याच्या मानेखाली, चार बोटं दिसतात. डायरेक्टरला ती शेवटपर्यंत कापता आली नाहीत.